परतीची तिथी : मिशनरी कुटुंबांच्या वियोगाचा जमाखर्च

वार्षिक अहवालात ताळेबंद, उत्पन्न-खर्चाचे पत्रक आणि रुग्णसंख्येचे तक्ते द्यावे लागतात. देणगीदाराने दिलेला रुपया कोठे खर्च झाला हे त्यावरून कळते, आणि ते कळलेच पाहिजे. तथापि प्रत्येक सेवाभावी रुग्णालयाच्या पाठीशी असा एक खर्च उभा असतो की, ज्याला कोणत्याही खतावणीत खाते नाही आणि ज्याची पावती कोणताही लेखापरीक्षक मागत नाही. सेवेसाठी घर सोडून दूर राहिलेल्या माणसाच्या पत्नीने, आईवडिलांनी आणि विशेषतः मुलांनी सोसलेला वियोग हा तो खर्च होय. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. म्हणूनच या न लिहिल्या गेलेल्या खर्चाविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द मांडावेत असे वाटले.

या खर्चाचा सर्वांत जुना आणि सर्वांत तपशीलवार पुरावा महाराष्ट्रात सापडतो तो ख्रिस्ती मिशनरी कुटुंबांच्या इतिहासात. आपल्या राज्यातील अनेक जुन्या शाळा व रुग्णालये त्यांनी उभारली. धर्मांतराच्या प्रश्नावर वाचकांची मते भिन्न असणार. तो या लेखाचा विषय नाही. परमुलुखात सेवा करणाऱ्या माणसाच्या घराचे काय होते, आणि संस्थेने त्याचा विचार कसा करावा, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

आखाजी आणि परतीची वाट

असोद्याच्या वाचकास वियोग हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये याच गावी झाला. विवाहानंतर त्या जळगावी नांदल्या. असोदा ते जळगाव हे अंतर अवघे दीड-दोन कोसांचे. तरीही माहेरची ओढ त्यांच्या काव्याचा एक जिवंत झरा ठरली. अंतर थोडे असले म्हणून वियोग थोडा होत नाही, ही गोष्ट खानदेशास त्यांच्याकडून शिकावयास मिळाली.

परंतु आपल्या समाजाने लेकीच्या वियोगावर एक तोडगाही काढून ठेविला आहे. अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, आली की सासुरवाशीण माहेरी येते. झाडाला झोका बांधला जातो, गाणी होतात, चार दिवस ती पुन्हा लेक होऊन राहते. आखाजी येणार हे वर्षाच्या आरंभीच ठाऊक असते. भाऊ घ्यावयास येणार, हेही ठाऊक असते. वियोग सुसह्य होतो तो अंतर कमी असल्यामुळे नव्हे, तर परतीची तिथी ठरलेली असल्यामुळे. हे सूत्र मनात ठेवून मिशनरी कुटुंबांकडे पाहिले, म्हणजे त्यांच्या दुःखाचे नेमके स्वरूप लक्षात येते. प्रारंभीच्या पिढ्यांना अशी आखाजी नव्हती.

घर मोडण्याचे चार मार्ग

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात येणारा मिशनरी साधारणपणे पंचविशीतला असे. पत्नी बरोबर येई किंवा येथे विवाह होई. मुले येथेच जन्मत. पहिली पाच-सहा वर्षे घर एकत्र असे. त्यानंतर प्रश्न उभा राही. पटकी, हगवण, देवी व हिवताप यांनी लहान मुले दगावत, आणि औषधोपचार अत्यंत तोकडे होते. इंग्रजी माध्यमाची योग्य शाळा जवळपास नसे. शिवाय आयेच्या सहवासात वाढलेले मूल घरच्या इंग्रजीपेक्षा मराठी सफाईने बोलू लागे, आणि पुढे मायदेशी त्याला कोणी आपले म्हणेल काय, याची चिंता आईवडिलांना लागे. मूल सहा-सात वर्षांचे झाले की निर्णय घेणे भाग पडे. मार्ग चारच होते, आणि त्यांपैकी प्रत्येक मार्ग कोठे ना कोठे घर मोडणारा होता.

पहिला मार्ग, आईने मुलांना घेऊन जावे आणि वडिलांनी मागे राहावे. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनचे पहिल्या तुकडीतील मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत पाठविण्याचा प्रयत्न केला, तो टळला. १८१६ मध्ये मार्गारेट लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मुलांची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा १८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसल्या. हॉल यांचे सहकारी एकामागून एक मृत्यू पावले होते किंवा परतले होते. काम सोडून जाणे त्यांना शक्य वाटले नाही. दोन मुलांपैकी एक समुद्रप्रवासातच वारला. इकडे हॉल नाशिककडच्या दौऱ्यावर निघाले. त्या भागात पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी रुग्णांना वाटली, आणि परतीच्या वाटेवर २० मार्च १८२६ रोजी त्याच रोगाने एका खेड्यात त्यांचे निधन झाले. एकाच कुटुंबातील मुलगा समुद्रावर गेला, पिता नाशिक परिसरात गेला, आणि आई उरलेल्या मुलासह तिसऱ्या ठिकाणी होती. त्या काळी शिडाच्या जहाजाने पत्र पोचण्यास चार-पाच महिने लागत. उत्तर यावयाचे तर जवळजवळ वर्ष उलटे. म्हणजे ज्याच्या नावाने पत्र लिहावे तो माणूस हयात आहे की नाही, हेही लिहिताना माहीत नसे.

दुसरा मार्ग, मुलाने मायदेशी वाढावे आणि आईवडिलांनी येथे राहावे. जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट हे स्कॉटिश दांपत्य १८२९ मध्ये मुंबईस आले. मुंबईचे विल्सन महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मार्गारेट विल्सन यांनी मराठी आत्मसात करून मुलींच्या शाळा काढल्या; एप्रिल १८३५ मध्ये, भारतात येऊन अवघी सहा वर्षे झाली असता, त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या दोन बहिणी मुंबईस येऊन मुलींच्या शिक्षणाच्या कार्यात सहभागी झाल्या. मुलगा अँड्र्यू याचा जन्म १८३१ चा. त्याचे शिक्षण एडिंबरो व जर्मनीत झाले, आणि वडिलांचे कार्यक्षेत्र अखेरपर्यंत मुंबईच राहिले. अँड्र्यू विल्सन पुढे पत्रकार व प्रवासी म्हणून नावारूपास आला. हिमालयाच्या प्रवासावरील त्याचा ग्रंथ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वडील मुंबईत वारले. कर्तृत्वाच्या दृष्टीने पितापुत्र दोघेही यशस्वी. परंतु एकत्र घालविलेल्या वर्षांचा हिशेब मांडू गेल्यास तो तुटपुंजाच भरेल.

तिसरा मार्ग, सर्व कुटुंबाने काम सोडून परतावे. रॉबर्ट विल्सन ह्यूम हे १८३९ मध्ये मुंबईस आले व सुमारे पंधरा वर्षे येथे राबले. प्रकृती खंगल्यावर १८५४ मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेस निघाले आणि वाटेतच, समुद्रावर, त्यांचे निधन झाले. त्यांची विधवा मुलांना घेऊन एकटी अमेरिकेत पोचली. म्हणजे परतण्याचा निर्णयही कित्येकदा फार उशिरा घेतला जाई.

चौथा मार्ग, संसारच मांडू नये. सिंथिया फॅरार या अविवाहित स्त्री १८२७ च्या अखेरीस मुंबईस आल्या, १८३९ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेल्या आणि १८६२ मध्ये तेथेच निवर्तल्या. त्यांच्या मुलींच्या शाळेची कीर्ती जोतीराव फुले यांच्यापर्यंत पोचली होती, हे महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात नमूद आहे. पस्तीस वर्षांच्या या सेवेत मुलांपासून ताटातूट नव्हती हे खरे. पण आजारपणात उशाशी बसणारे स्वतःचे माणूसही नव्हते. वियोग टाळला गेला असे म्हणता येणार नाही. तो एकदाच, पण कायमचा स्वीकारला गेला.

वर्षांचे गणित

पुढे मिशन संस्थांनी दीर्घ रजेची पद्धत रूढ केली. तिला फर्लो म्हणत. साधारणतः सात वर्षे सेवा केल्यावर सुमारे एक वर्ष मायदेशी राहावयाचे, असा पुष्कळ ठिकाणी प्रघात होता. नंतरच्या काळात ही मुदत कमी होत गेली. हिशेबाच्या सवयीने हे गणित मी मांडून पाहिले. सातव्या वर्षी मुलाला मायदेशी ठेवून आईवडील परतले, तर त्यांची पुढची रजा येईतो मूल चौदा वर्षांचे झालेले असे, आणि त्यानंतरची रजा येईतो ते बाविशीत पोचे. सात ते एकवीस या पंधरा वर्षांत आईवडिलांचा सहवास एका वर्षाचा. उरलेली चौदा वर्षे पत्रांची.

या पत्रांचा वेग मात्र वाढत गेला. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन प्रवास सुमारे तीन आठवड्यांवर आला. त्याच सुमारास समुद्राखालील तारयंत्राने मुंबई विलायतेशी जोडली गेली. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पूर्ण झाला, आणि त्याच मार्गावर वसलेली जळगाव व भुसावळ ही स्थानके खानदेशास मुंबई बंदराशी जोडती झाली. १९२९ मध्ये विमानाने टपाल येऊ लागले. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टपाल जलद झाले म्हणून मुले घरी राहू लागली नाहीत. उलट, ‘आता पत्र लवकर पोचते’ या समाधानावर मुलांना पाठविणे सोपे झाले. सोय वाढली की वियोग आपोआप घटतो, असा नियम नाही. दूरध्वनी व भ्रमणध्वनीच्या युगातही हाच अनुभव आपल्यापैकी पुष्कळांस येत असेल.

मुलांसाठी उभ्या राहिलेल्या संस्था

मायदेशी ठेविलेली मुले राहात कोठे? काही आजी-आजोबांकडे, काही काका-मावशीकडे, तर काही अनोळखी कुटुंबांत. ही व्यवस्था अपुरी पडते हे ओळखून काही संस्था निघाल्या. इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ मध्ये वॉल्थमस्टो येथे व मुलांसाठी १८४२ मध्ये लंडनजवळ शाळा निघाली. अमेरिकेत तुर्कस्तानातील एका मिशनऱ्याची विधवा एलायझा वॉकर यांनी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्नडेल येथे १८६८ मध्ये अशा मुलांसाठी घर उघडले. स्वतःच्या मुलांना वाढवीत असतानाच त्यांनी इतरांची मुले पदराखाली घेतली, हे विशेष.

भारतातही पर्याय निघाला. मसुरीजवळ लंढौर येथील वुडस्टॉक शाळा १८५४ ची. दक्षिणेत कोडाईकॅनाल येथील शाळा १९०१ ची. समुद्रापार पाठविण्याऐवजी मुलांना थंड हवेच्या डोंगरावर ठेवावे, दीर्घ सुट्टी हिवाळ्यात द्यावी, म्हणजे मैदानातील थंडीच्या दिवसांत मुले आईवडिलांकडे येतील, आणि उन्हाळ्यात आईने काही आठवडे डोंगरावर जाऊन राहावे, अशी योजना होती. या योजनेत परतीची तिथी ठरलेली होती. सात वर्षांची प्रतीक्षा काही महिन्यांवर आली. आखाजीचा तोडगा जणू वेगळ्या रूपाने अमलात आला. यासाठी इमारती, शिक्षक, वसतिगृहप्रमुख आणि प्रवासखर्च लागला, व तो देणगीदारांनी दिला. रुग्णालयाच्या खाटेसाठी दिलेल्या देणगीइतकाच हा पैसा सत्कारणी लागला असे मी म्हणेन. कारण त्याच्या आधारावर डॉक्टर खाटेजवळ टिकून राहू शकला.

खानदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून व विसाव्या शतकात दोन मिशन संस्थांचे काम विशेष होते. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पूर्व भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, आणि धुळे, नंदुरबार, नवापूर या पश्चिम भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. दुसऱ्या संस्थेचे नाव १९४९ पासून बदलले. याच पश्चिम भागात, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा येथे, १९४० च्या दशकात सुरू झालेले रुग्णालय नवापूर तालुक्यातील आदिवासी रुग्णांची सेवा करीत आले आहे. आपल्या बाजूच्या कामकऱ्यांच्या मुलांनाही डोंगरावरील शाळांखेरीज दुसरा जवळचा मार्ग फारसा नव्हता, आणि तो जवळचा मार्गही आगगाडीने दोन-तीन दिवसांचा होता.

मुलांनी काय केले

या मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न साहजिक आहे. कित्येक परत आली. समुद्रावर पिता गमावलेल्या ह्यूम कुटुंबातील रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये भायखळ्याचा. अमेरिकेत शिकून १८७४ मध्ये ते महाराष्ट्रात परतले आणि अर्धशतकाहून अधिक काळ अहमदनगरला राहिले. त्यांचे बंधू एडवर्ड मुंबईत शाळा चालवू लागले. पुढच्या पिढीत रॉबर्ट यांची कन्या रूथ डॉक्टर होऊन अहमदनगरच्या स्त्रियांसाठी आली. दक्षिणेत तर डॉ. जॉन स्कडर यांचे सात मुलगे मिशनसेवेसाठी भारतात परतले.

या परतीचा अर्थ मात्र जपून लावावा. ‘वियोगाने मुले घडली’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्याच स्कडर घराण्यातील आयडा हिची कथा वेगळे सांगते. १८७० मध्ये राणीपेट येथे जन्मलेल्या आयडाला किशोरवयात शिकागोतील नातेवाइकांकडे ठेवून आई वडिलांकडे भारतात परतली. त्या वियोगाची सल तिच्या मनात खोल राहिली, आणि आपण कदापि मिशनरी होणार नाही असे ती निक्षून म्हणे. १८९० मध्ये ती आली ती केवळ आजारी आईच्या शुश्रूषेसाठी. तेथे एकाच रात्री तीन बाळंतिणींच्या घरची माणसे मदतीसाठी दाराशी आली. त्यांना पुरुष डॉक्टर नको होता, आणि आयडा डॉक्टर नव्हती. त्या तिन्ही स्त्रिया दगावल्या. त्यानंतर तिने वैद्यकीचे शिक्षण घेतले. १९१८ मध्ये तिने वेल्लोरला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. आज जळगाव जिल्ह्यातूनही अवघड शस्त्रक्रियांसाठी रुग्ण वेल्लोरला जातात. त्या रुग्णालयाचा पाया तीन स्त्रियांच्या मृत्यूने घातला, एका मुलीच्या एकटेपणाने नव्हे. ते एकटेपण तिने सोसले, एवढेच. ज्या मुलांनी सोसले आणि जी परतली नाहीत, त्यांच्या नावाने संस्था उभ्या राहिल्या नाहीत, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत.

व्यापक जगातील एक उदाहरण वाचकांस चित्रपटामुळे परिचित असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर शर्यत जिंकणारा एरिक लिडेल हा मिशनऱ्याचा मुलगा. जन्म चीनमध्ये, १९०२ चा. सहाव्या वर्षी त्याला व त्याच्या मोठ्या भावाला इंग्लंडमधील शाळेत ठेवून आईवडील चीनला परतले. उपरोल्लेखित मुलांच्या शाळेचीच ती पुढची अवस्था होती. पुढे तो स्वतः चीनमध्ये कामास गेला. युद्धाचे ढग दाटल्यावर १९४१ मध्ये त्याने गर्भवती पत्नीस व दोन मुलींना कॅनडास पाठविले. तिसरी मुलगी त्याच वर्षी जन्मली. तिचे मुख त्याने कधी पाहिले नाही. जपानी छावणीत फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याचा अंत झाला. बालपणी जो वियोग त्याच्या वाट्याला आला, तोच वेगळ्या कारणाने त्याच्या मुलींच्या वाट्याला आला.

विसाव्या शतकाच्या मध्यास रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने पतीसमवेत भारतात राहून येथील अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला, आणि अशा मुलांसाठी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. आईवडिलांच्या देशात ती परकी, ज्या देशात वाढली तेथेही परकी. त्यांचे घर म्हणजे त्यांच्यासारख्याच इतर मुलांचा सहवास. ‘तू कोणत्या गावचा?’ हा प्रश्न आपल्याकडे ओळखीचा पहिला प्रश्न असतो. या मुलांना नेमका तोच प्रश्न सर्वांत अवघड वाटे.

नोंद न झालेली माणसे

जमाखर्च प्रामाणिक ठेवावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. परदेशी मिशनऱ्यास फर्लो होती, डोंगरावरील बंगली होती, मुलांच्या शाळेसाठी निधी होता. त्याच आवारात राबणाऱ्या मराठी परिचारिका, कंपाउंडर व शिक्षक यांच्या वियोगाची दखल क्वचितच घेतली गेली. कुटुंबाने व जातीने दूर केलेली कितीतरी माणसे मिशनच्या आवारात राहात. त्यांचे माहेर हाकेच्या अंतरावर असूनही बंद झालेले असे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला कित्येक वर्षांचा विरह आला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी तो काळ ज्या निर्मळ व विनोदी शैलीत सांगितला आहे, त्यामुळे वाचक हसतो, पण लहान मूल पदरात घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढणारी ती स्त्री कशातून गेली, हे हसू ओसरल्यावर ध्यानात येते. पुढे हे कुटुंब अहमदनगरला एकत्र आले. परदेशी कुटुंबाचा वियोग समुद्राने घडविला. येथील कुटुंबाचा समाजाने. समुद्र ओलांडण्यास जहाज होते, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटत गेली व त्यांची रुग्णालये भारतीय व्यवस्थापनाकडे आली. १९७० मध्ये अशा रुग्णालयांसाठी इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. वियोग मात्र संपला नाही. तो सोसणारी माणसे बदलली. आता केरळची परिचारिका, तमिळनाडूचा शल्यचिकित्सक व ईशान्येकडील तंत्रज्ञ खेड्यातील रुग्णालयात राहतात, आणि त्यांची मुले दूरच्या वसतिगृहात. शासकीय असो, मिशनचे असो वा सार्वजनिक न्यासाचे, ग्रामीण भागातील प्रत्येक रुग्णालयास हे लागू आहे.

वेगळा मार्गही महाराष्ट्राने पाहिला आहे. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या अखेरीस हेमलकसा येथे काम सुरू केले. तेथे माडिया मुलांसाठी निघालेल्या आश्रमशाळेतच त्यांनी आपल्या मुलांनाही घातले. मुलांना दूर पाठविण्याऐवजी शाळा जवळ आणली, आणि तिचा लाभ गावालाही झाला. हा मार्ग प्रत्येकास जमेल असे नाही. पण वियोग ही सेवेची अटळ अट नव्हे, हे त्यावरून सिद्ध होते.

आपल्यापुरते

डॉक्टरांच्या मुलाखतींना मी अनेक वर्षे बसत आलो आहे. उमेदवार वेतनाविषयी व शस्त्रक्रियागृहाविषयी विचारतो. सोबत आलेली पत्नी, किंवा उमेदवार स्त्री असल्यास तिचा पती, मुलांच्या शाळेविषयी विचारतो. नेमणूक बहुधा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून या इतिहासातून तीन गोष्टी विश्वस्त व देणगीदार यांच्यासमोर नम्रपणे ठेवतो.

पहिली, परतीची तिथी. दूरच्या कर्मचाऱ्याची वार्षिक रजा वर्षारंभीच ठरावी, आणि ठरलेली रजा रुग्णसंख्या वाढली या कारणाने मोडली जाऊ नये. त्यासाठी बदली कर्मचाऱ्याची तरतूद अंदाजपत्रकातच असावी. आजारी माणसाला औषधाची वेळ जशी पाळावी लागते, तशीच ही वेळ आहे.

दुसरी, निवास व शिक्षण. यंत्रसामग्रीसाठी देणगी सहज मिळते, कारण यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबनिवासासाठी किंवा मुलांच्या शालेय प्रवासासाठी देणगी मिळणे कठीण जाते. परंतु यंत्र चालविणारा हात टिकून राहतो तो घरामुळे. ऑबर्नडेलच्या त्या विधवा बाईंनी जे ओळखले, ते आपण ओळखण्यास हरकत नसावी.

तिसरी, ज्यांना विचारले जात नाही त्यांना विचारणे. त्याग करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे; पण तो स्वतःपुरता. सहा वर्षांच्या मुलाने त्याग केला असे म्हणता येत नाही. त्याच्याकडून तो घेतला गेला, असेच म्हणावे लागते. संस्थेने एखाद्या सेवकाच्या त्यागाचा गौरव करताना त्याच्या घरातील लहानांचीही विचारपूस करावी.

हीच दृष्टी रुग्णांच्या बाबतीतही उपयोगी आहे. वॉर्डात पतीच्या उशाशी बसलेल्या बाईची लहान मुले यावल किंवा चोपडा तालुक्यातील एखाद्या खेड्यात शेजारणीच्या भरवशावर असतात. डॉक्टरांनी ‘केव्हा घरी जाता येईल’ हे शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत सांगितले, तर तिचा अर्धा भार हलका होतो; मग तो दिवस चार दिवसांनी असो वा चाळीस. रुग्णांच्या नातेवाइकांनी हा प्रश्न संकोच न बाळगता विचारावा. त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे.

या अहवालाच्या पुढील पानांवर नेहमीप्रमाणे आकडे आहेत. ते वाचताना प्रत्येक आकड्यामागे कोणाच्या तरी घरी रिकामे राहिलेले एक पान आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे, आणि त्या पानावर माणूस परत केव्हा बसेल याची व्यवस्था करण्यास आम्हांस साह्य करावे, ही विनंती.